मे महिन्यात हरवणारी अडीच हॉर्सपॉवर

जानेवारीच्या पहाटे अमरावतीत पारा १२ अंशांवर असतो आणि मे महिन्याच्या दुपारी अकोल्यात तो ४५ च्या पुढे जातो, हे वऱ्हाडात कुणाला सांगावं लागत नाही. या फरकानं मोटारसायकलच्या इंजिनाचं काय होतं, यावर मात्र गॅरेजवर फारसं बोलणं होत नाही. हवा तापली की विरळ होते. १२ अंशांना एक लिटर हवेचं जे वजन असतं, ते ४५ अंशांना सुमारे दहा टक्क्यांनी घटतं. थंड हवाही इंजिनात शिरताना गरम धातूला लागून थोडी तापतेच, त्यामुळे शक्ती तेवढ्या प्रमाणात कमी होत नाही. इंजिनाच्या चाचण्यांत हवामानासाठी जी दुरुस्ती करतात, त्या सूत्रानं ही घट सहा टक्क्यांच्या आसपास भरते. चाकणच्या बजाजच्या कारखान्यात तयार झालेली ३७३ सीसीची केटीएम ३९० ड्यूक सुमारे ४३ हॉर्सपॉवरची. म्हणजे तिच्या मालकानं एक स्क्रूही हलवला नाही तरी जानेवारी ते मे या प्रवासात अडीच हॉर्सपॉवर गेली. बाकी इंजिन जसंच्या तसं ठेवून नुसता मागचा सायलेन्सर बदलला, तर अशा एका सिलिंडरच्या गाडीत एखाद-दुसरी हॉर्सपॉवर मिळाली तरी पुष्कळ. त्यासाठी पोरं हजारो रुपये मोजतात. माझं म्हणणं एवढंच आहे की वऱ्हाडात ट्यूनिंगचा पहिला अर्थ ऊन, धूळ आणि हयगय यांनी गमावलेली शक्ती परत मिळवणं हा असला पाहिजे. नवी शक्ती त्यानंतर. आणि ही दोन्ही कामं मोजमापाशिवाय करूच नयेत.

आत काय घडतं ते आधी नीट पाहू. याच ३७३ सीसीच्या इंजिनाचा सिलिंडर मे महिन्याच्या दुपारी पूर्ण भरला असं धरलं, तर त्यात सुमारे ०.४ ग्रॅम हवा मावते. पूर्ण जोर हवा असेल तेव्हा तेरा भाग हवेला एक भाग पेट्रोल लागतं. म्हणजे एका स्फोटाला साधारण ३० मिलिग्रॅम. हाच कागदावरचा हिशेब जानेवारीच्या पहाटेसाठी केला तर आकडा ३४ मिलिग्रॅमच्या जवळ जातो. ९,००० आरपीएमला असे स्फोट सेकंदाला ७५ होतात, म्हणजे हवा घेणं, दाबणं, जाळणं आणि बाहेर टाकणं हे सगळं चक्र १३ मिलिसेकंदांत आटोपावं लागतं. इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा आणि प्लगची ठिणगी पिस्टन वर पोचण्याच्या किती आधी टाकायची, हे ईसीयू नावाचा छोटा संगणक ठरवतो. थ्रॉटल किती उघडला, इनटेकमध्ये दाब किती, हवा किती गरम, इंजिन किती गरम, ही माहिती त्याला सेन्सर देतात आणि तो आपल्यातल्या तक्त्यातून आकडा उचलतो. मॅपिंग म्हणतात ते या तक्त्यातले आकडे बदलण्याला. तक्ता कितीही हुशारीनं बदलला, पण सेन्सरकडून येणारी खबरच चुकीची असली, तर ३० च्या जागी २७ मिलिग्रॅम पेट्रोल पडणार आणि गाडी झटके देणार.

कार्बुरेटरच्या काळात ही सगळी अक्कल मिस्त्रीच्या हातात होती. १९८५ साली आलेल्या यामाहा आरएक्स १०० च्या टू-स्ट्रोक इंजिनाचे पोर्ट घासायचे, जेट बदलायचा, प्लगचा रंग पाहायचा, असं ते शास्त्र होतं आणि त्यात तरबेज असलेले हात वऱ्हाडातल्या गावोगावी होते. पण कार्बुरेटरला हवा विरळ झाल्याचं पुरतं कळत नाही. अमरावती समुद्रसपाटीपासून सुमारे ३४० मीटरवर आहे, चिखलदरा अकराशे मीटरच्या आसपास. परतवाड्याहून घाट चढून वर जाईपर्यंत हवेचा दाब आठ-नऊ टक्क्यांनी उतरतो, कार्बुरेटर मात्र पेट्रोल त्या मानानं कमी करत नाही. मिश्रण रिच होतं, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त होतं, आणि गाडी दम टाकते. खाली येऊन कुणी त्यावर छोटा जेट बसवला, की सपाटीवर तीच गाडी लीन होऊन, म्हणजे पेट्रोल कमी पडून, तापते. इंजेक्शनचा खरा फायदा इथे आहे. त्यानं आपोआप जास्त शक्ती मिळते, हा समज मात्र आपल्याच राज्यातल्या एका गाडीनं खोटा ठरवला आहे. बजाजनं २००७ मध्ये पल्सर २२० इंजेक्शनसह आणली. तिची शक्ती होती सुमारे २० हॉर्सपॉवर. २००९ मध्ये कंपनीनं इंजेक्शन काढून त्याच गाडीला कार्बुरेटर दिला, किंमत उतरवली, आणि जाहीर केलेली शक्ती उलट २१ च्या आसपास गेली. शक्ती येते सिलिंडरमध्ये किती हवा भरली आणि ती किती नीट जळली यातून. पेट्रोल कोणत्या नळीतून आलं, हा त्यानंतरचा प्रश्न. इंजेक्शन देतं ती एकसारखी वागणूक: पहाटे आणि दुपारी, सपाटीवरच्या मूर्तिजापूरला आणि मेळघाटातल्या सेमाडोहला.

मग इंजेक्शनच्या गाड्याही झटके का देतात? अमरावती–अकोला महामार्गावर याचं उत्तर शोधता येतं. जून २०२२ मध्ये याच रस्त्यावर लोणी ते माना या पट्ट्यात १०५ तास ३३ मिनिटांत एका लेनचा ७५ किलोमीटर डांबरी थर टाकल्याची नोंद गिनीज बुकात झाली. अशा सपाट, लांब रस्त्यावर ७० च्या स्थिर वेगानं जाताना थ्रॉटल जेमतेम उघडलेला असतो. तेवढ्यात गाडी हलकेच मागे-पुढे ओढल्यासारखी करत असेल, तर दोष बहुधा या छोट्या उघडीपीतल्या मिश्रणात आहे. इथे ईसीयू प्रदूषणाच्या नियमांसाठी मिश्रण १४.७ ला एक याच्या आसपास ठेवतो, आणि सायलेन्सरच्या पाइपातला ऑक्सिजन सेन्सर त्याला क्षणोक्षणी ‘थोडं कमी, थोडं जास्त’ सांगत असतो. थ्रॉटल बॉडीच्या झडपेच्या कडेला काजळी साचली असेल, तर ईसीयूला वाटते त्याहून कमी हवा आत जाते आणि ही दुरुस्ती सतत चुकत राहते. दुसरा झटका निराळा. तो अमरावतीच्या राजकमल चौकाच्या गर्दीत कळतो, थ्रॉटल पूर्ण सोडून पुन्हा उघडताना. थ्रॉटल बंद झाला की ईसीयू पेट्रोल तोडतो. उघडला की पुन्हा सोडतो. या तोडण्या-जोडण्याच्या क्षणी चेन ढिली असेल, थ्रॉटलच्या केबलला जास्त प्ले असेल, मागच्या चाकाच्या हबमधले रबर झिजले असतील, तर इंजिनाचा मवाळ धक्का चाकाशी पोचेपर्यंत गचका होतो. असा गचका घेऊन आलेल्या गाडीत महागडा ट्यूनिंग बॉक्स बसवला जातो, आणि चेन तशीच लोंबत राहते.

म्हणून आधी प्रकृती, मग मॅप. वऱ्हाडातल्या काळ्या मातीची धूळ बारीक आणि चिवट असते. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आसपास त्यात तंतूंची भर पडते. एअर फिल्टर इथे कंपनीच्या पुस्तकातल्या किलोमीटरच्या आधीच भरतो. पुस्तकातही धुळीच्या भागात फिल्टर लवकर पाहा असं लिहिलेलं असतं. ते वाक्य आपल्यासाठीच आहे. धुऊन पुन्हा वापरायचा कापडी ‘परफॉर्मन्स’ फिल्टर इथे बसवावा का, असं विचाराल तर माझा सल्ला नाही असा आहे. त्यातून हवा सहज जाते, पण तेल लावण्यात हयगय झाली तर बारीक धूळही सहज जाते, आणि ती सिलिंडरची भिंत आणि रिंगा खाते. पाव हॉर्सपॉवरसाठी इंजिनाचं आयुष्य गहाण टाकण्यात अर्थ नाही. टॅपेट सेटिंगकडे, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटीकडे, तर स्पोर्ट्स बाइकवाले हमखास दुर्लक्ष करतात, कारण आवाज येत नाही. पण व्हॉल्व्ह वापरानं आपल्या बैठकीत हळूहळू रुतत जातो आणि फट वाढण्याऐवजी कमी होते. आवाज वाढत नाही, उलट इंजिन जास्तच गुपचूप चालतं. फट संपली की गरम इंजिनात व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, कॉम्प्रेशन गळतं, आयडल डळमळतं, गरम गाडी पटकन चालू होत नाही. हे ओळखायला लागतं थंड इंजिन, पुस्तकात दिलेलं माप आणि शतांश मिलिमीटरमध्ये मापलेल्या पात्यांचा फीलर गेज. पातं आत सरकताना किंचित अडखळलं पाहिजे. सहज गेलं तर फट जास्त, शिरलंच नाही तर कमी. ड्यूकसारख्या इंजिनात ही फट स्क्रूनं जुळत नाही, योग्य जाडीची शिम घालावी लागते, आणि ती नसेल तर काम थांबवून मागवावी लागते. जो मिस्त्री असं थांबतो, त्याच्याकडे गाडी न्यावी. रेडिएटरच्या जाळीत अडकलेला चिखल आणि किडे काढणं, ही तर फुकटची ट्यूनिंग आहे. इंजिन मर्यादेबाहेर तापलं की अनेक ईसीयू ठिणगी मागे घेतात, आणि तिथेच जोर जातो.

यावर जाणकार तरुण हमखास एक आक्षेप घेतात: कंपनीनंच प्रदूषणाच्या नियमांपायी गाडी बांधून ठेवली आहे, रिमॅप केल्यावर ती मोकळी होते. यात निम्मं खरं आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यावर छोट्या थ्रॉटलवरचं मिश्रण आणखी काटेकोर झालं, आणि काही गाड्यांच्या खालच्या आरपीएमच्या वागण्यात त्याचा कोरडेपणा जाणवतो. तिथे चांगल्या मॅपनं गाडी मऊ होऊ शकते. पण पूर्ण थ्रॉटलला ईसीयू ऑक्सिजन सेन्सरचं ऐकणं बहुधा थांबवतो आणि मिश्रण मुद्दाम रिच करतो, कारण इंजिन वाचवायला कंपनीलाही ते हवंच असतं. म्हणजे जिथे जोराचा आकडा मोजला जातो, तिथे कंपनीनं फारसं काही राखून ठेवलेलं नसतं. उरलेला फायदा ठिणगीच्या वेळेत असतो, आणि वऱ्हाडी उन्हाळ्यात तीच जागा सर्वांत धोक्याची. ड्यूकच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन बाराच्या वर आहे. ४५ अंशांची हवा, तापलेलं इंजिन आणि पुढे ओढलेली ठिणगी एकत्र आली, की मिश्रण ठिणगीच्या ज्योतीची वाट न पाहता कोपऱ्यात आपोआप पेटतं. इंजिन ठोकायला लागतं आणि पिस्टनच्या कडा झिजतात. थंड हवेच्या शहरात डायनोवर, म्हणजे शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर, बसवलेला मॅप अकोल्याच्या मे महिन्यात इंजिन फोडू शकतो, ही अतिशयोक्ती नाही.

पेट्रोलही आता बदललं आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडक पंपांवर सुरू झालं आणि पुढे देशभर पोचलं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलच्या एका भागाला नऊ. मिश्रणासाठी हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे इंजेक्टर पूर्वीइतकाच वेळ उघडा राहिला तर इंजिन लीन चालणार, तापणार आणि झटके देणार. ज्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर शाबूत आहे, ती उरलेला ऑक्सिजन ओळखून पेट्रोल आपोआप वाढवते. आणि नेमका हाच सेन्सर काढून त्या जागी खोटा सिग्नल देणारी चिमटीएवढी वस्तू लावण्याची पद्धत ३९० वाल्यांमध्ये रूढ आहे! जुन्या पेट्रोलच्या काळात तिनं खालच्या आरपीएमला गाडी मऊ केली असेल, हे मी नाकारत नाही. आज पंपावर काय मिळतं हे पाहता, तो सेन्सर काढणं म्हणजे मिश्रणावर नजर ठेवणारा एकुलता एक पहारेकरी हाकलून देणं आहे. इथेनॉलची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याचा ऑक्टेन जास्त असतो आणि वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषून घेतं, त्यामुळे ठोकण्याला ते अटकाव करतं. जाणत्या ट्यूनरच्या हातात हा गुण कामाचा आहे. पण त्यासाठी त्याला मिश्रण दाखवणारा वाइडबँड सेन्सर लावून गाडी चालवावी लागेल. कानानं हे काम होत नाही.

कानाचा विषय निघाला म्हणून सायलेन्सरबद्दल. ‘पिकअप वाढला, मला जाणवतं’ हा युक्तिवाद मी हलक्यात काढत नाही, कारण गाडी चालवणारा आपल्या गाडीला ओळखत असतो. पण आवाज वाढला की वेग वाढल्यासारखा वाटतो. शिवाय मोकळा पाइप वरच्या आरपीएमला थोडं देऊन मधल्या आरपीएमला बऱ्याचदा काढून घेतो. बाहेर जाणाऱ्या वायूंच्या लाटा पाइपाच्या लांबी-रुंदीनुसार परत फिरतात, आणि कंपनीनं तो पाइप एका ठराविक पट्ट्यासाठी जुळवलेला असतो. बडनेरा रोडवर किंवा अकोल्याच्या टॉवर चौकात गाडी ३,००० ते ६,००० आरपीएममध्ये चालते; नऊ हजारांवरचा आकडा तिथे कामाला येत नाही. त्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढला तर विषारी धूर थेट शेजारच्या सायकलवाल्याच्या छातीत. कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलांशी न जुळणारे बदल करता येत नाहीत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरबदलासाठी दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा कैदेची तरतूद आहे. आवाज आणि प्रदूषणाचे निकष मोडल्यास दंड १०,००० पर्यंत जातो. पण दंडाची भीती बाजूला ठेवली तरी, ज्या बदलानं मधला जोर घटतो आणि मोहल्ला जागा होतो, त्याला मी ट्यूनिंग म्हणणार नाही.

मधला जोर खरंच हवा असेल तर एक साधा उपाय ईसीयूला हात न लावता होतो. ३९० ड्यूकच्या पुढच्या चेन-स्प्रॉकेटला १५ दात असतात, मागच्याला ४५. पुढचा १४ चा लावला तर प्रत्येक गिअरमध्ये चाकावरचा ओढा सुमारे सात टक्क्यांनी वाढतो. किंमतही उघड आहे: त्याच वेगाला इंजिन सात टक्के जास्त फिरतं, ॲव्हरेज घसरतं, महामार्गावर थरथर वाढते. लाभ आणि तोटा दोन्ही आधी सांगता येतात, म्हणून मला तो प्रामाणिक उपाय वाटतो. रोज अकोला–अमरावती करणाऱ्यानं मात्र त्याच्या वाटेला जाऊ नये.

आता राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो सर्वांत रास्त आहे: मोजायचं कुठे? डायनोसाठी पुण्या-मुंबईला गाडी न्यायची तर पेट्रोलचा आणि राहण्याचा खर्च कामापेक्षा जास्त. पण मोजमाप फक्त डायनोवरच होतं असं नाही. सकाळी रहदारी नसताना, सपाट रस्त्यावर, एकाच गिअरमध्ये ताशी ४० वरून ७० पर्यंत जायला किती सेकंद लागले, हे मीटरवर रोखलेल्या मोबाइलच्या व्हिडिओवरून मोजता येतं. दोन्ही दिशांनी काही फेऱ्या काढून सरासरी घ्यायची, म्हणजे वाऱ्याचा आणि चढ-उताराचा हिशेब मिटतो. वजन, टाकीतलं पेट्रोल, टायरमधली हवा आणि तापमान लिहून ठेवायचं. ही रीत मिस्त्रीच्या शब्दापेक्षा आणि आपल्या अंदाजापेक्षा कितीतरी खरी आहे, आणि वेगमर्यादेत बसते. डायनोच्या आलेखावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. त्यावरचे आकडे बहुधा ठराविक तापमान आणि दाबाला दुरुस्त केलेले असतात. मे महिन्यात अकोल्याच्या रस्त्यावर तेवढं मिळणार नाही. दोन लागोपाठच्या फेऱ्यांतही एक-दोन टक्क्यांचा फरक पडतो, त्यामुळे एका हॉर्सपॉवरच्या वाढीचा गाजावाजा करणारा आलेख काहीच सिद्ध करत नाही. आणि यात आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांकडे एक मागणं आहे. यंत्र अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात इंजिनाची शक्ती डायनमोमीटरवर मोजण्याचा प्रयोग असतो. तो एका जुन्या डिझेल इंजिनावर उरकण्याऐवजी, शहरातल्या मिस्त्र्यांना सोबत घेऊन रस्त्यावरच्या मोटारसायकलींसाठी महिन्यातून एक दिवस मोजणीची सोय केली, तर विद्यार्थ्यांना खरी इंजिनं मिळतील आणि मिस्त्र्यांच्या हातातल्या कसबाला आकड्यांचा आधार मिळेल.

तोपर्यंत गाडीमालकानं एवढं करावं. फिल्टर, टॅपेट, प्लग, थ्रॉटल बॉडी, चेन आणि कूलंट यांचं काम पूर्ण झाल्याशिवाय मॅपिंगचा विषय काढू नये, ऑक्सिजन सेन्सर कुणालाही काढू देऊ नये, आणि जो ट्यूनर काम सुरू करण्याआधीची मोजणी दाखवत नाही, त्याला ॲडव्हान्स देऊ नये.